रेल्वेची टीम, शाळकरी पोरांचं मैदान

गेल्या अंकात मी जपानच्या हान्शिन टायगर्स या बेसबॉल टीमवर लिहिलं होतं. क्रिकेटवेड्या वाचकांना यात काय रस, अशी संपादकांना धाकधूक होती. पत्रांचा गठ्ठा आल्यावर त्यांचाच फोन आला, "आता उत्तरंही तुम्हीच द्या." तर देते. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत. नियम विचारणाऱ्यांना तूर्तास एवढंच: नऊ इनिंग्ज, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही बाजूंची एकेकदा बॅटिंग, तीन बाद झाले की बाजू बदलायची, आणि चेंडू हवेतून कुंपणापार गेला की होमरन. बाकीचं बघता बघता कळतं. लग्न होऊन डोंबिवलीहून इथे, ओसाका आणि कोबेच्या मधल्या निशिनोमियाला आले तेव्हा मलाही तसंच कळलं. न कळून सांगता कोणाला? आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचा रेडिओ मॅचच्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातो.

टीम रेल्वे कंपनीची आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. रेल्वेनं गाड्या चालवायच्या सोडून खेळाडू कशाला पाळावेत?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, मनमाड

मनमाडकरांनी हे विचारलं नसतं तरच नवल. आपल्याकडेही रेल्वेची टीम रणजी खेळते, पण ती रेल्वेच्या नोकरीतल्या खेळाडूंची. इथला हिशेब निराळा आहे, आणि माझ्या मते या टीमची निम्मीअधिक परंपरा त्या हिशेबातूनच आली आहे.

ओसाका आणि कोबे ही दोन मोठी शहरं. मध्ये एका बाजूला रोक्को डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, अशी चिंचोळी पट्टी. या पट्टीत सरकारी लोहमार्ग आधीच होता. १९०५ साली हान्शिन कंपनीनं समुद्राच्या बाजूनं विजेची गाडी सुरू केली. १९२० साली हान्क्यू या दुसऱ्या खासगी कंपनीनं डोंगराच्या बाजूनं तिसरा मार्ग टाकला. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तीन रेल्वे. कामाच्या दिवशी चाकरमानी होतेच. सुटीच्या दिवशी डबे भरायचे कसे? मग कंपन्यांनी आपापल्या मार्गावर लोकांनी मुद्दाम यावं अशी ठिकाणं उभी केली. हान्क्यूनं ताकाराझुकाला गरम पाण्याचे झरे आणि फक्त मुलींची संगीत नाटक मंडळी उभी केली. हान्शिननं इथे समुद्रकिनारा, टेनिस कोर्टं, बाग आणि आज टायगर्सचं घर असलेलं हे मैदान.

मैदानाची जागा मोठी गमतीची आहे. मुकोगावा नदीला पूर यायचा, म्हणून सरकारनं तिचे बांध पक्के केले आणि एदागावा आणि सारुगावा हे दोन फाटे बंद केले. कोरडं पडलेलं पात्र हान्शिननं विकत घेतलं, आणि जिथे हे दोन फाटे वेगळे होत त्याच जागी मैदान बांधलं. मी भाजी आणायला ज्या कोशिएन-सुजी रस्त्यानं जाते, तो रस्ता म्हणजे जुन्या एदागावाचं पात्रच. आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखं इथेही साठ वर्षांचं चक्र आहे. १९२४ हे त्या चक्राचं पहिलं वर्ष, शुभ मानलेलं. त्याचंच नाव मैदानाला दिलं, कोशिएन. मार्चमध्ये काम सुरू झालं आणि १ ऑगस्टला मैदान उघडलं. मुंबईतला एखादा पादचारी पूल किती दिवसांत होतो ते तुम्हीच आठवा.

एवढी घाई कोणासाठी? टायगर्ससाठी नव्हे, तेव्हा टायगर्स नव्हतेच. शाळकरी मुलांची देशव्यापी स्पर्धा १९१५ पासून चालू होती आणि १९१७ पासून ती हान्शिनच्याच मार्गावर नारुओ इथल्या मैदानात होत असे. १९२३ साली तिथे इतकी गर्दी झाली की माणसं सामन्याच्या मध्येच मैदानात सांडली. मग कंपनीनं मोठं मैदान बांधायचं ठरवलं. व्यावसायिक टीम आली त्यानंतर अकरा वर्षांनी. टोकियोत योमिउरी वृत्तपत्रानं १९३४ च्या डिसेंबरात आपली टीम काढली, तेच आजचे जायंट्स. वर्षभरानं, १० डिसेंबर १९३५ ला, हान्शिनची टीम जन्माला आली. हान्क्यू गप्प बसणार थोडीच! पुढच्याच महिन्यात त्यांचीही टीम तयार.

पुढे तर या भागातल्या चार रेल्वे कंपन्यांच्या चार टीम होत्या: हान्शिन, हान्क्यू, नान्काई, किन्तेत्सु. नान्काई आणि हान्क्यूनं १९८८ साली आपापल्या टीम विकल्या. किन्तेत्सुची २००४ साली दुसरीत विलीन झाली. उरली ती हान्शिन. आणि नशिबाचा फेरा बघा, २००६ साली हान्क्यूनं हान्शिन कंपनीच आपल्यात घेतली. आज दोन्ही रेल्वे एका मालकाच्या आहेत. २०२३ ची जपान सिरीज, म्हणजे दोन लीगमधल्या टीमची अंतिम लढत, हान्शिन विरुद्ध ओरिक्स अशी झाली. ओरिक्स म्हणजे हान्क्यूनं १९८८ साली विकलेली तीच टीम. वृत्तपत्रांना यात योगायोग दिसला. आमच्या आजींना त्यात जुनं भाऊबंदकीचं भांडण दिसलं, आणि मला त्यांचंच म्हणणं जास्त पटलं.

तुम्ही रेल्वेतले, म्हणून एक खास तुमच्यासाठी. मॅच किती वाजता संपेल हे बेसबॉलमध्ये कोणी सांगू शकत नाही. हान्शिनची माणसं स्कोअरवर नजर ठेवून जादा गाड्या तयार ठेवतात. चाळीसेक हजार माणसं एका छोट्या स्टेशनात येतात आणि रेटारेटी न होता निघूनही जातात. माझं बालपण डोंबिवली स्टेशनात गेलंय. चेंडूफळीपेक्षा मला पहिल्यांदा अप्रूप वाटलं ते याचं.

कर्नल सँडर्सचा पुतळा नदीत टाकला म्हणून टीमला शाप लागला, हे खरं का?
— कॉलेज विद्यार्थी, अकोला (आणि याच विषयावर आणखी बरेच जण)

पुतळा टाकला हे खरं. १६ ऑक्टोबर १९८५ ला टोकियोत टायगर्सनी एकवीस वर्षांनंतर लीग जिंकली. ओसाकात दोतोन्बोरी कालव्याच्या पुलावर गर्दी जमली. एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारखा दिसणारा कोणीतरी कालव्यात उडी घ्यायचा. रँडी बासची पाळी आली. हा दाढीवाला अमेरिकन, त्याच्यासारखा दिसणारा कुठून आणणार? शेजारच्या केंटकी फ्राइड चिकनच्या दारातला कर्नलचा पुतळा दाढीवाला आणि अमेरिकन. उचलला आणि दिला ढकलून.

त्यानंतर सतरा दिवसांत टायगर्सनी सेइबु लायन्सना ४-२ असं हरवून पहिल्यांदा जपान सिरीजही जिंकली. मग मात्र उतरण लागली. १९८७ ते २००१ या पंधरा वर्षांत दहा वेळा शेवटचा नंबर. २००३ साली लीग जिंकली तर सिरीज ४-३ नं गेली. २००५ साली लोट्टेकडून ४-० असा धुव्वा. चार सामन्यांत मिळून लोट्टेच्या ३३ धावा आणि आमच्या ४. '३३-४' हे आकडे या गावात आजही कोणी मोठ्यानं उच्चारत नाही. २००९ च्या मार्चमध्ये कालव्याकाठचं काम चालू असताना कर्नल चिखलातून वर आला. डावा हात नाही, चष्मा नाही. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. २०१४ ला पुन्हा सिरीज हरली! ५ नोव्हेंबर २०२३ ला एकदाची जिंकली. पुढच्या मार्चमध्ये केंटकी कंपनीनं त्या जीर्ण पुतळ्याला साके आणि मीठ वाहून निरोप दिला, म्हणजे आपल्या भाषेत रीतसर उत्तरपूजा करून.

आता माझं मत. १९५० साली जपानमध्ये दोन लीग झाल्या, तेव्हापासून १९८५ पर्यंत टायगर्सनी लीग जिंकली ती फक्त तीनदा, १९६२, १९६४ आणि १९८५. १९८५ च्या आधीच्या वीस कोरड्या वर्षांत कालव्यात कोणता पुतळा होता? त्या काळात यांनी एनात्सुसारखा बोलर नान्काईला देऊन टाकला आणि ताबुचीसारखा बॅटर सेइबुला. कोच येत होते, जात होते. शाप होता तो कालव्यात नव्हता, ऑफिसात होता. पण ऑफिसावर गोष्ट रंगत नाही, पुतळ्यावर रंगते.

मला या गोष्टीचा राग येतो तो दुसऱ्याच कारणानं. १९८५ म्हटलं की लोक पुतळा सांगतात. त्याच वर्षी १२ ऑगस्टला जपान एअरलाइन्सचं विमान डोंगरावर कोसळून ५२० माणसं गेली, त्यांत टायगर्सचे अध्यक्ष नाकानो हाजिमु होते. दोन महिन्यांनी टीम जिंकली तेव्हा ज्यांनी आधी मिठी मारायची तो माणूसच नव्हता. त्या पुलावरच्या धिंगाण्याच्या गोष्टीत हे कुठेच येत नाही.

अंधश्रद्धेचंच विचारत असाल तर खरी अंधश्रद्धा ओकादांची. ओकादा अकिनोबु १९८५ च्या टीममध्ये खेळले आणि २०२३ च्या टीमचे मॅनेजर होते. 'विजेतेपद' हा शब्द त्यांनी अख्ख्या मोसमात तोंडातून काढला नाही. खेळाडूंवर दडपण येतं म्हणे. विचारलं की म्हणायचे, "ते". आमचं लक्ष्य "ते" आहे. सगळं गाव "ते" म्हणायला लागलं, टी-शर्टांवर "ते" आलं. आपल्याकडे नवस बोलल्यावर तो फिटेपर्यंत कोणाला सांगत नाहीत, तसलंच हे.

आमच्या चंद्रपूरला ताडोबा आहे, वाघ म्हणजे काय ते आम्हाला विचारा. जपानमध्ये वाघ नाहीत, मग हे नाव कसं?
— गृहिणी, चंद्रपूर

उसनं आणलं. अमेरिकेतलं डेट्रॉइट म्हणजे कारखान्यांचं शहर, तिथली टीम टायगर्स. ओसाकाही कारखान्यांचं शहर, म्हणून इथेही टायगर्स, असं सांगतात. सुरुवातीला नाव ओसाका टायगर्स होतं. १९४० साली इंग्रजी शब्दांवर वरवंटा फिरला तेव्हा नुसतं 'हान्शिन' राहिलं. लढाई संपल्यावर वाघ परत आला, आणि १९६१ पासून हान्शिन टायगर्स. पिवळ्या-काळ्या रंगाची हौस म्हणाल तर मॅचच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मांजराच्या गळ्यातही तो पट्टा असतो.

हरलेली मुलं मैदानातली माती पिशवीत भरून नेतात, असा उल्लेख होता. ही प्रथा सविस्तर सांगाल का? मी शाळेत खो-खो शिकवतो.
— क्रीडाशिक्षक, वाई

सर, तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. टायगर्सचं घर म्हणवलं जाणारं हे मैदान उन्हाळ्यात खरं मुलांचं असतं. ऑगस्टमध्ये देशभरातून ४९ शाळा येतात, प्रत्येक प्रांताची एक, होक्काइदो आणि टोकियोच्या दोन-दोन. एकदा हरलात की घरी. म्हणजे एक शाळा सोडून बाकी सगळ्यांची मुलं इथून हरूनच जातात. सामना संपल्याचा भोंगा वाजतो, दोन्ही टीम समोरासमोर वाकून नमस्कार करतात, जिंकलेल्या शाळेचं गीत होतं. मग हरलेली मुलं आपल्या बाकांसमोर गुडघ्यांवर बसतात आणि दोन्ही हातांनी माती ओढतात. फोटोग्राफर त्यांच्यासमोर पोटावर आडवे पडलेले असतात, ते मला बघवत नाही. पण मुलांचं लक्ष नसतं. बुटांच्या पिशवीत माती भरायची, तोंड बांधायचं, उठायचं.

पहिल्यांदा कोणी नेली यावर दोन-तीन दावे आहेत, त्यात मी पडत नाही. पण १९५८ ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी ओकिनावातून पहिल्यांदा शाळा आली, शुरी हायस्कूल. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. मुलं हरली, माती घेऊन बोटीनं परत गेली. बंदरावर अधिकाऱ्यांनी अडवलं: परदेशी माती आणता येत नाही, वनस्पतींच्या रोगांचा कायदा आहे. माती समुद्रात फेकून दिली. ही बातमी वाचून एका हवाई सुंदरीला राहवलं नाही. मातीला कायदा आहे, दगडाला नाही. तिनं कोशिएनचे खडे गोळा करून शाळेला पाठवले. ते आजही शुरी हायस्कूलच्या आवारातल्या स्मारकात बसवलेले आहेत.

माती साधी नाही, बरं का. काळी माती आणि वाळू यांचं मिश्रण असतं. काळी माती ओकायामा, मिए, कागोशिमा अशा ठिकाणांहून येते. (पुणेकरांना ओकायामा हे नाव सिंहगड रोडवरच्या बागेमुळे माहीत असेलच.) प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं. वसंतात पाऊस जास्त, म्हणून निचऱ्यासाठी वाळू अधिक. उन्हाळ्यात ऊन लखलखीत, म्हणून पांढरा चेंडू ठळक दिसावा यासाठी काळी माती अधिक. जानेवारी-फेब्रुवारीत सगळं इनफिल्ड, म्हणजे आतला मातीचा भाग, वीतभर खणून उलथतात, मग पावसाची वाट बघतात, भिजू देतात, आणि योग्य ओल आली की रोलर फिरवतात. पाऊस किती मुरला हे बघायला बूट पुरेसा असतो. एक म्हातारे गृहस्थ टाच रुतवून बघताना मी पाहिले आहेत. पाणी मारताना पाच-सहा जण एक जाड पाइप खांद्यावर घेऊन एका रांगेत चालतात, पाइप कुठेही जमिनीला लागू देत नाहीत. हे काम करणारी कंपनीही हान्शिनच्याच घराण्यातली. धो धो पाऊस पडून गेल्यावर तासाभरात मैदान खेळायला तयार होतं, तेव्हा प्रेक्षक खेळाडूंआधी या माणसांना टाळ्या देतात.

२०२० साली करोनामुळे उन्हाळी स्पर्धा रद्द झाली. शेवटच्या वर्षातल्या मुलांना पुन्हा संधी नव्हती. तेव्हा टायगर्सचे खेळाडू आणि मॅनेजर मैदानात उतरून स्वतः माती भरत होते. ती थोडी थोडी किचेनमध्ये घालून देशभरातल्या शेवटच्या वर्षाच्या बेसबॉल खेळणाऱ्या मुलांना पाठवली. कोट्यवधी येन कमावणारे खेळाडू उकिडवे बसून माती गोळा करत होते. तुमच्या खो-खोच्या पोरांना हे जरूर सांगा.

टोकियोच्या जायंट्सशी वैर एवढं का? आम्ही शिवाजी पार्कवाले, आम्हाला वैर समजतं.
— एक ज्येष्ठ वाचक, दादर

काका, तुम्हाला वैर समजतं पण दुसऱ्या बाजूचं. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा मुंबईनं रणजी जिंकली, तेव्हा बाकीच्यांना काय वाटत असेल याचा तुम्ही विचार केलात का? नेमक्या त्याच काळात, १९६५ ते १९७३, जायंट्सनी सलग नऊ वेळा जपान सिरीज जिंकली. राजधानी त्यांची, वृत्तपत्र त्यांचं, टीव्ही त्यांचा. मी माहेरी कायम जिंकणाऱ्यांतली होते. इथे आल्यावर कळलं की दिल्ली-कर्नाटकवाले आपल्याकडे कसल्या नजरेनं बघत असतील.

दोन सामने सांगते. २५ जून १९५९, टोकियोचं कोराकुएन मैदान, सम्राट पहिल्यांदाच व्यावसायिक सामना बघायला आलेले. ४-४ बरोबरी, शेवटची इनिंग. सम्राट सव्वानऊला उठणार हे ठरलेलं. नऊ वाजून बारा मिनिटांनी जायंट्सच्या नागाशिमानं टायगर्सच्या नवख्या बोलरला, मुरायामाला, डाव्या कोपऱ्यात होमरन मारला आणि सामना संपला. मुरायामा पुढे टायगर्सचा दैवत झाला, त्याचा ११ नंबर आता कोणाला देत नाहीत. पण मरेपर्यंत तो म्हणत राहिला: चेंडू रेषेबाहेर होता, तो होमरन नव्हताच.

दुसरा सामना १७ सप्टेंबर १९६८, कोशिएन. वीस वर्षांचा डावखुरा एनात्सु युताका. एका मोसमात सर्वाधिक गडी स्ट्राइकआउट करायचा, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बोलरनंच बाद करायचा, जपानी विक्रम ३५३ चा होता. एनात्सुनं मनाशी धरलं होतं की विक्रम मोडायचा तो जायंट्सच्या ओ सादाहारुला बाद करूनच. ओला बाद केलं, बरोबरी झाली. आता ओची पाळी पुन्हा येईपर्यंत मधल्या आठ जणांना बाद तर करायचं, पण स्ट्राइकआउट होऊ द्यायचं नाही! त्यात समोरचा बोलरही बॅटिंगला येणार, त्याच्या बॅटला तर मुद्दाम चेंडू लागू द्यावा लागला. पाळी आली आणि ओ ३५४ वा बळी ठरला. सामना मात्र ०-० वरच अडलेला. बाराव्या इनिंगमध्ये विजयी फटका मारला तोही एनात्सुनंच. मोसम संपला तेव्हा आकडा ४०१ होता. आणि अशा माणसाला यांनी पुढे देऊन टाकलं. वर ऑफिसाबद्दल उगाच नाही लिहिलं.

१९७३ चा शेवटचा दिवस सांगायचा नव्हता, पण पत्रात खोदून विचारलंत म्हणून: कोशिएनवर दोघांची गाठ, जिंकेल त्याला लीग. जायंट्स ९, टायगर्स ०. चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले. बस.

काकू, मी पुण्यात जपानी शिकतेय, एन-थ्री झालीये. एप्रिलपासून ओसाकात इंटर्नशिप आहे. मॅच बघायला कधी आणि कशी जाऊ?
— विद्यार्थिनी, कोथरूड

एप्रिल-मे उत्तम. उमेदाहून हान्शिनची जलद गाडी घे, पंधरा मिनिटांच्या आसपास कोशिएन. पिवळ्या माणसांच्या मागे चालत राहिलीस की पोचशील. भिंतीवर वेल दिसेल. १९२४ साली भिंत सजवायला ना वेळ होता ना पैसा, म्हणून वेल लावला, आणि तीच ओळख झाली. दुरुस्तीसाठी तो तोडावा लागला तेव्हा आधी देशभरच्या शाळांना वाटलेल्या त्याच वेलाच्या बियांची रोपं परत मागवून इथे लावली.

बसायचं कुठे हे महत्त्वाचं. उजवीकडचं आउटफिल्ड, म्हणजे तिकडच्या कुंपणामागचं स्टँड, हा कट्टर भक्तांचा गड. ढोल, तुताऱ्या, प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं. तिथे दुसऱ्या टीमचा शर्ट चालत नाही, आणि नारिंगी ओढणी तर मुळीच नको, तो जायंट्सचा रंग. मजा अशी की एवढा गोंगाट करणारी माणसं समोरच्यांची बॅटिंग आली की गाणं थांबवतात. पहिल्यांदा जातेयस तर इनफिल्ड आणि आउटफिल्डच्या मधल्या आल्प्स स्टँडमध्ये बस. १९२९ पासून आल्प्स हे नाव आहे. पांढऱ्या शर्टांची गर्दी बर्फाच्या डोंगरासारखी दिसते म्हणून. नंतर आउटफिल्ड उंच केलं तेव्हा त्याला हिमालय म्हणून पाहिलं, पण आपला हिमालय इथे काही टिकला नाही.

छत्री उघडता येत नाही, रेनकोट ने. वाऱ्याकडे लक्ष ठेव: समुद्राचा वारा उजवीकडून डावीकडे वाहतो आणि डावखुऱ्यांचे चांगले चांगले होमरन मैदानातच पाडतो. रँडी बास डावखुरा असून १९८५ च्या मोसमात ५४ होमरन मारून गेला, कारण तो वाऱ्याशी भांडला नाही, डावीकडे मारायला शिकला. सातव्या इनिंगला हजारो लांबट फुगे शिट्ट्या मारत आकाशात सोडायची पद्धत होती, ती तोंडानं फुगवायचे म्हणून करोनात, २०२० साली, बंद झाली होती. जिंकले तर टीमचं १९३६ सालचं गाणं होतं, रोक्को डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याचं. त्याच्या संगीतकारानं पुढे जायंट्सचंही गाणं केलं. हे मात्र उजव्या आउटफिल्डमध्ये बोलू नकोस.

ऑगस्टमध्ये टायगर्सना शोधू नकोस. शाळांची स्पर्धा असते, टीम घराबाहेर. भर उन्हातल्या या वनवासाला लोक 'मरणवाट' म्हणतात आणि लीग हातची गेली की तिच्यावर खापर फोडतात. हल्ली काही सामने ओसाकाच्या गार डोममध्ये होतात, तरी रडगाणं तेच. तू ऑगस्टमध्ये मुलांचे सामने बघ. १५ तारखेला जमलं तर जाच. दुपारी बारा वाजता चालू सामना थांबवून सगळे उभे राहतात, भोंगा वाजतो, युद्धातल्या मृतांसाठी मिनिटभर शांतता, मग लगेच पुढचा चेंडू. याच मैदानाचं लोखंडी छत १९४३ साली लढाईला धातू हवा म्हणून उतरवून नेलं होतं.

तिकडे शाकाहारी काही मिळतं का हो?
— पर्यटनाची हौस असलेलं दांपत्य, ठाणे

कोशिएनची करी मैदान उघडल्यापासून विकली जाते, तिचं कौतुक ऐकाल. तिच्यात मांस असतं, आणि नसतं तरी आपल्या जिभेला ती गोडच लागली असती. तळलेले बटाटे मिळतात, उन्हाळ्यात पिशवीतून बर्फाचे खडे मिळतात. ते आधी मानेला लावायचे, मग वितळलेलं पाणी नळीनं प्यायचं. आम्ही घरून थालीपीठ नेतो. बाटल्या आणि डबे, म्हणजे पत्र्याचे आणि काचेचे, आत नेऊ देत नाहीत, तेव्हा लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत भरा आणि झाकण घट्ट लावा. शेजारी बसलेल्याच्या पिवळ्या शर्टावर तेल सांडलं तर मॅच संपेपर्यंत माफी मागत बसावं लागतं.